गुगलवर नाव टाकलं की दहा वर्षांपूर्वीची बातमी येते, काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ एका पतसंस्थेत शाखाधिकारी होते. २०१५ साली संस्थेतल्या अपहाराच्या गुन्ह्यात संचालकांबरोबर यांचंही नाव आलं, अटक झाली, फोटोसकट बातमी आली. २०२१ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं, ते मात्र कुणीच छापलं नाही. आता मुलीसाठी स्थळं बघतायत. पत्रिका-फोटो जातो, समोरून "कळवतो" येतं आणि मग फोन थंड. शेवटी एका पाहुण्याने खरं सांगितलं की अहो तुमचं नाव टाकलं की पहिलीच ती बातमी येते. एका एजन्सीने एक लाख ऐंशी हजारात "गॅरंटीने डिलीट" करून देतो म्हणून सांगितलंय. द्यावेत का?

नका देऊ. आत्ता तरी नका, आणि ॲडव्हान्स तर अजिबात नको. का ते खाली सांगतो, जरा लांबेल पण घाईत सांगण्यासारखं हे काम नाहीये.

मी पुण्यात तेरा-चौदा वर्षं हेच करतो. सुरुवात उलटी झाली होती, लोकांच्या वेबसाइट गुगलवर वर आणायचं काम करायचो, मग हळूहळू लोक येऊन विचारायला लागले की वर आणता येतं तर खाली पण ढकलता येत असेल ना. येतं, पण सगळं नाही आणि सगळ्यांचं नाही.

पहिली गोष्ट, जी न समजल्यामुळे निम्मी माणसं पैसे घालवतात. गुगल म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. उताऱ्यावर नाव चुकलं म्हणून उतारा देणाऱ्या सेतूवाल्याशी तुम्ही कितीही भांडलात तरी तो रेकॉर्डला जे आहे तेच छापून देणार. फेरफार मूळ रेकॉर्डला नोंदवावा लागतो, मग उतारा आपोआप बदलतो. इथे मूळ रेकॉर्ड म्हणजे त्या वर्तमानपत्राच्या किंवा पोर्टलच्या साइटवरचं पान. तुम्ही आत्तापर्यंत गुगलला तीन वेळा फॉर्म भरून पाठवला आणि तीनही वेळा नकार आला असं लिहिलंय, ते यामुळेच. गुगलच्या दृष्टीने बातमी खरी आहे. आणि कडू वाटेल, पण ती छापली तेव्हा खरीच होती, गुन्हा नोंद झाला होता, अटक झाली होती. खोटी बातमी नाहीये ही, अर्धी बातमी आहे. हा फरक नीट डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर चालतं.

आता कामाला लागायच्या आधी एक वही किंवा एक्सेल शीट उघडा. फोनच्या ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडायची आणि आपलं नाव वेगवेगळ्या प्रकारे टाकून बघायचं. देवनागरीत, इंग्रजीत, आणि इंग्रजीत जितकी स्पेलिंगं होतात तितक्या सगळ्यांनी, आपल्याकडे क्षीरसागर हे एकच आडनाव लोक चार प्रकारे लिहितात. मग नाव अधिक गाव, नाव अधिक पतसंस्था, नुसतं आडनाव अधिक पतसंस्था. इमेजेसचा टॅब विसरू नका, स्थळ बघणारी माणसं आधी फोटोच बघतात. शक्य असेल तर बाहेरगावच्या भाच्याला त्याच्या फोनवर टाकून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा, कारण तुम्ही गेले चार महिने रोज ती लिंक उघडून बघताय आणि तुमच्या फोनवर ती जरा जास्तच तत्परतेने येत असू शकते. प्रत्येक लिंकपुढे लिहा: कुणाची साइट, मथळा काय, कितव्या नंबरला, त्यात चुकीचं काय आणि जुनं झालेलं काय, आणि ते पान बदलण्याचा अधिकार कुणाच्या हातात. तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. हे केल्यावर बहुतेकांच्या लक्षात येतं की "गुगल भरलंय नुसतं" वगैरे काही नसतं, पाच-सहा लिंका असतात, त्यातली एक मूळ आणि बाकी तिच्या नकला.

तुमच्यासारख्या केसमध्ये साधारण हे सापडतं. दैनिकाची मूळ बातमी. ती जशीच्या तशी उचललेली दोन पोर्टलं, त्यातलं एक आता बंद पडलेलं पण साइट चालू. एखादी यूट्यूब क्लिप. गावातल्या न्यूज पेजची फेसबुक पोस्ट. आणि एक गोष्ट जी लोकांच्या लक्षातच येत नाही, हायकोर्टातला जामिनाचा आदेश. निकालांच्या साइट हायकोर्टाचे आदेश उचलतात, त्यात सरकारी पक्षाचे सगळे आरोप तुमच्या नावासकट तपशीलवार असतात. आणि तुम्ही निर्दोष सुटलात तो निकाल खालच्या कोर्टाचा, तो नाव टाकून सहसा सापडत नाही. म्हणजे आरोप सापडतात, सुटका सापडत नाही. यात कुणी मुद्दाम वाईट केलेलं नसतं, पण भोगायचं तुम्हाला.

आता पहिलं खरं काम. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत काढा. वकिलाकडची झेरॉक्स चालत नाही, म्हणजे चालते पण संपादकाच्या टेबलावर शिक्का मारलेला कागद गेला की बोलणं बदलतं. अपील झालं होतं का, झालं असेल तर त्याचं काय झालं, तेही वकिलांकडून लिहून घ्या. हा प्रश्न संपादक हमखास विचारतो.

मग पत्र. वकिलाची नोटीस नको, साधं अर्ध्या पानाचं पत्र. मी लोकांना साधारण असं लिहून देतो:

"मा. संपादक यांस, आपल्या संकेतस्थळावर अमुक तारखेला अमुक मथळ्याची बातमी प्रसिद्ध झाली असून त्यात माझे नाव आहे. सदर खटल्यात मा. न्यायालयाने अमुक तारखेला माझी निर्दोष मुक्तता केली आहे. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. मूळ बातमी त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाचकांना पुढील वस्तुस्थिती कळावी यासाठी मथळ्यात अथवा मथळ्याखाली निकालाची नोंद घ्यावी, ही विनंती."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "त्याबद्दल माझी तक्रार नाही" हे आहे. रागात लोक नेमकं हेच गाळतात. संपादकाला बातमी चुकली असं मान्य करायचं नसतं, आणि तुम्ही ते मागतच नाही आहात, तुम्ही उरलेली अर्धी बातमी द्या म्हणताय. तिथे माणूस सैल होतो. ज्या बातमीदाराने लिहिलं तो आता तिथे नसेलच, त्याला शोधत बसू नका. थेट संपादकांना ईमेल, शिवाय साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं त्यालाही, आणि छापील पत्र स्पीड पोस्टाने. पंधरा दिवस थांबून फोन. जमलं तर स्वतः ऑफिसात जाऊन या, जिल्ह्याच्या आवृत्तीचं ऑफिस बसस्टँडच्या आसपासच असतं, चहा पिऊन काम होतं असं मी अनेकदा बघितलंय.

एकदा का त्यांनी मथळ्याखाली ओळ टाकली की मग दुसरी मागणी करायची, आणि ही जरा टेक्निकल आहे. त्यांना सांगायचं की पान काढू नका, तुमचं अर्काइव्ह तुमच्याकडे राहू दे, फक्त त्या पानावर नोइंडेक्स टॅग लावा. पान साइटवर राहतं, लिंक असलेल्याला उघडतं, पण सर्च इंजिनला सूचना जाते की हे यादीत घेऊ नका. संपादक लोकांना हा पर्याय पटतो कारण बातमी मागे घेतली असं होत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः एका क्लायंटचे सात महिने घालवलेत. पोर्टलचं आयटी बघणारा मुलगा फार चांगला होता, म्हणाला सर करून टाकतो, आणि त्याने दोन्ही केलं, पानावर नोइंडेक्स टाकला आणि वर रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये (सर्च इंजिनने साइटवर कुठे यायचं नाही ते हिच्यात लिहिलेलं असतं) ते पान ब्लॉक पण केलं. डबल कुलूप म्हणाला. झालं काय, रोबोट्स फाइलमुळे गुगल त्या पानापर्यंत जाईचना, आणि पानापर्यंत गेलाच नाही तर त्यावर लिहिलेला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा. लिंक तशीच राहिली, फक्त खाली माहिती उपलब्ध नाही असं यायला लागलं, जे बघणाऱ्याला आणखीनच संशयास्पद. दारावर "घर विकलंय" अशी पाटी लावायची आणि फाटकालाच कुलूप घालायचं, पोस्टमन पाटी वाचणार कशी? तेव्हा त्या मुलाला स्पष्ट सांगा, फक्त नोइंडेक्स, रोबोट्सला हात लावू नको. किंवा पान खरंच काढलं असेल तर ४०४ किंवा ४१०, म्हणजे "हे पान आता नाही" असा कोड यायला हवा, होमपेजवर वळवून नको.

पान बदललं तरी गुगलवर काही आठवडे जुनाच मजकूर दिसत राहतो. तेव्हा गुगलचं "रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट" नावाचं टूल वापरायचं. साइट तुमची नसली तरी चालतं, फक्त गुगलचं खातं लागतं. लिंक जशीच्या तशी टाकायची, आणि जुन्या मजकुरात होता पण आता पानावर नाही असा शब्द विचारला तर तो द्यायचा. लोक इथे आपलं नाव टाकतात, आणि नाव तर पानावर अजून असतं, मग रिक्वेस्ट नाकारली जाते. "फरार" हा शब्द काढला असेल तर "फरार" टाका. मोबाइलची लिंक वेगळी असेल तर तिच्यासाठी वेगळी रिक्वेस्ट. साइटमालकाकडे सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सेवेत, रिमूव्हल्सचं टूल असतं, त्याने एका दिवसात लिंक गायब होऊ शकते, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतं असतं हे लक्षात ठेवा. एजन्सीवाले क्लायंटला दाखवून पैसे घेतात आणि सहा महिन्यांनी लिंक परत उगवते ती बऱ्याचदा यामुळे.

गुगलकडे थेट मागून काय निघतं? खाजगी माहिती. घरचा पत्ता, फोन नंबर, ईमेल, २०२२ पासून यासाठीचं धोरण बरंच रुंद केलंय. आधारसारख्या ओळखपत्राचा फोटो, बँक खात्याचा नंबर, सहीचा फोटो, दवाखान्याचे कागद, याला फॉर्म आहे आणि तो चालतो. तुमच्या एका लिंकमध्ये एफआयआरची प्रत स्कॅन करून टाकलीय आणि त्यात मोबाइल नंबर नि घर नंबर दिसतो असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्यासाठी हा फॉर्म आजच भरा. बातमीची लिंक त्यात घालू नका, एकाच अर्जात सगळं कोंबलं की सगळंच अडकतं. आणि अशा काही साइट असतात ज्या माणसाबद्दल वाट्टेल ते टाकतात आणि काढायचे पैसे मागतात, त्यांच्यासाठी गुगलच्या धोरणात वेगळा प्रकार आहे, त्यांना पैसे देऊ नका, पैसे मागितल्याचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा.

यूट्यूबच्या क्लिपला प्रायव्हसीची तक्रार करता येते, ते टाकणाऱ्याला ४८ तास देतात आणि मग स्वतः बघतात. बातमीमूल्य आहे म्हणून नाकारू शकतात. त्यापेक्षा त्या चॅनेलवाल्याला निकालाची प्रत पाठवून व्हिडिओच्या मथळ्यातून नाव काढायला सांगणं सोपं, लोक क्लिप बघत नाहीत, मथळा वाचतात. फेसबुक पेजवाला गावातलाच असणार, तो काय तुम्हीच बघा.

(खाजगी किंवा मॉर्फ केलेले फोटो असा प्रकार कुणाचा असेल तर हा सगळा रस्ता विसरा. तिथे पत्रं नि चहा नाही. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, ज्या प्लॅटफॉर्मवर आहे तिथे ताबडतोब तक्रार, २०२१ च्या आयटी नियमांनी यासाठी २४ तासांची मुदत घातली होती. आणि स्टॉप एनसीआयआय नावाची सेवा आहे, त्यात फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही, त्याचा फक्त एक कोड तयार होऊन सहभागी कंपन्यांना जातो आणि तो फोटो कुणी चढवायला गेलं की अडवला जातो.)

कोर्टाचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. "राइट टू बी फरगॉटन", म्हणजे विसरलं जाण्याचा हक्क, म्हणून जे ऐकलंय ते युरोपातलं. मारियो कोस्तेखा गोन्झालेस नावाचे एक स्पॅनिश गृहस्थ, सामाजिक सुरक्षेची थकबाकी म्हणून त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस १९९८ साली एका दैनिकात आली होती, थकबाकी मिटली तरी नावाने शोधलं की तीच यायची. १३ मे २०१४ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने निकाल दिला की अशा जुन्या, असंबद्ध झालेल्या लिंका नावाच्या सर्चमधून काढायला हव्यात. नीट बघा, दैनिकातलं पान तसंच राहिलं, फक्त नावाने शोधल्यावर दिसू नये एवढंच. आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की हे युरोपपुरतं, जगभर नाही. तुमचा कुणी नातेवाईक जर्मनीत राहत असेल तर त्याला स्वतःच्या नावासाठी हा फॉर्म भरता येतो, तुम्हाला नाही. जाता जाता, ज्या नोटिसीचा विसर पडावा म्हणून तो माणूस लढला ती आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यात या विसरल्या जाण्याच्या हक्काचीही चर्चा आहे. पण प्रत्यक्षात वेगवेगळी हायकोर्टं वेगवेगळं बोलतात. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका माणसाला अंतरिम दिलासा दिला, अमली पदार्थांच्या केसमध्ये तो निर्दोष सुटला होता आणि निकाल गुगलवर दिसत असल्यामुळे नोकरीत अडचण येत होती. (त्याचं नाव मला माहीत आहे, मुद्दाम लिहीत नाही, बिचाऱ्याने तेवढ्यासाठीच तर केस केली.) मद्रास हायकोर्टाने त्याच वर्षी निर्दोष सुटलेल्या एकाला निकालातलं नाव झाकून द्यायला नकार दिला, २०२४ च्या फेब्रुवारीत खंडपीठाने ते फिरवून नाव झाका म्हणून सांगितलं, आणि जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे रस्ता आहे, पण रस्त्याचं काम चालू आहे. जामिनाच्या आदेशाच्या लिंकसाठी जायचंच असेल तर या विषयातला वकील गाठा, आणि "एका तारखेत काम" म्हणणाऱ्याला नाही.

अब्रुनुकसानीचा दावा लावू का, असंही विचारलंय. दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत असते, तुमची बातमी २०१५ ची. आणि मुदतीत असतात तरी गुन्हा नोंद झाल्याची खरी बातमी ही बदनामी ठरवणं अवघड. वकिलाला विचारा, पण मी यावर पैसे लावले नसते.

शिवाय नोटीस पाठवण्याचा उलटा परिणाम होतो. २००३ साली बार्बरा स्ट्रायसँड या अमेरिकन गायिकेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या हवाई फोटोंमध्ये आपलं घर दिसतं म्हणून पाच कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन तिच्याच वकिलांचे. दाव्याची बातमी आली आणि महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक त्या साइटवर गेले. आम्ही या प्रकाराला तिच्याच नावाने ओळखतो. पण मला उदाहरणासाठी कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. सुरुवातीच्या काळात मी एका क्लासवाल्या सरांच्या वतीने वकिलाकडून एका छोट्या पोर्टलला कडक नोटीस पाठवायला लावली होती. संपादकाने ती नोटीसच स्कॅन करून नवीन बातमी केली, "सत्य छापल्याबद्दल धमकी" असा मथळा. जुनी बातमी पाचव्या नंबरला होती, नवीन दुसऱ्या नंबरला जाऊन बसली. सर मला काही बोलले नाहीत, फक्त फी द्यायचे थांबले, बरोबरच होतं त्यांचं.

आणि गुगलला कायदेशीर कारणाने काढायची विनंती केली तर तिची प्रत बऱ्याचदा ल्युमेन नावाच्या हार्वर्डशी जोडलेल्या सार्वजनिक डेटाबेसला जाते. म्हणजे कुणी काय काढायला सांगितलं हे शोधणाऱ्याला सापडू शकतं. तिथे काय लिहिताय ते जपून.

आता एजन्सीवर येतो. एक लाख ऐंशी हजारात ते काय करणार हे मी सांगू शकतो कारण अशांनी बिघडवलेल्या केसेस माझ्याकडे येतात. एक प्रकार म्हणजे तुमच्या बातमीचा मजकूर एका ब्लॉगवर जुनी तारीख टाकून चिकटवायचा आणि मग गुगलला सांगायचं की हा मूळ लेख आमचा, वर्तमानपत्राने चोरला, कॉपीराइटखाली लिंक काढा. चक्क खोटं. स्पेनमधली एक कंपनी असल्याच युक्त्या जगभर विकत होती, पत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ मध्ये तिची कागदपत्रं उघड केली, आणि क्लायंटची नावं पण बाहेर आली. दुसरा प्रकार, शेदोनशे फालतू ब्लॉगवर तुमच्या नावाने "प्रेरणादायी उद्योजक" छापाचे लेख टाकायचे. पतसंस्थेतून बाहेर पडून किराणा दुकान चालवणारा माणूस एकदम दोनशे ठिकाणी प्रेरणादायी झाला की वाचणाऱ्याला कळतं हो. आणि "गुगलमध्ये आमचा माणूस आहे" असं ऐकलं की फोन ठेवा. चांगली एजन्सी आधी लिंकांची यादी मागते, कुठली निघेल नि कुठली नाही ते सांगते आणि टप्प्याने पैसे घेते.

डॉक्टर, हॉटेलवाले मला रिव्ह्यूबद्दल विचारतात, दोन ओळीत सांगतो. वाईट रिव्ह्यू वाईट आहे म्हणून निघत नाही, शिवीगाळ, स्पर्धकाने टाकलेला, भलत्याच दुकानाचा असा असेल तरच रिपोर्ट करून फायदा. बाकी शांतपणे उत्तर द्या, आणि डॉक्टर असाल तर उत्तरात पेशंटच्या आजाराबद्दल चकार शब्द नको. विकतचे पन्नास फाइव्ह-स्टार एका आठवड्यात आले की गुगल खरे पण उडवतं.

आता तुमच्या केसमधला असा भाग जो एजन्सी सांगणार नाही कारण त्यात तिला काही मिळत नाही. तुमचं नाव-आडनाव महाराष्ट्रात हजारो लोकांचं असणार. बातमीत फक्त नाव आणि आडनाव आहे असं तुम्ही म्हणता, वडिलांचं नाव नाही. आपल्याकडे मधलं नाव लावायची पद्धत आहे ती इथे देवासारखी धावून येते. आजपासून जिथे जिथे तुम्ही स्वतःहून नाव लिहाल तिथे पूर्ण तीन शब्दी लिहा. मुलीच्या बायोडेटावर पण "वडिलांचे नाव" समोर पूर्ण नाव, कारण समोरचा जे वाचतो तेच टाइप करतो. मग त्या तीन शब्दी नावाखाली चार-पाच खरी ठिकाणं उभी करा. दुकानाचं गुगल बिझनेस प्रोफाइल, त्यात मालक म्हणून नाव. एक साधी एक पानाची वेबसाइट, मराठीत आणि इंग्रजीत, स्वतःच्या नावाचा डॉट इन डोमेन वर्षाला हजाराच्या आत-बाहेर मिळतो. लिंक्डइन नको वाटलं तर राहू दे, पण फेसबुकचं प्रोफाइल पूर्ण नावाने आणि नीट फोटोने. तुम्ही गावच्या वाचनालयाच्या समितीवर आहात म्हणालात, वाचनालयाची साइट असेल तर समितीच्या पानावर नाव पूर्ण घालायला सांगा, फोटोसकट, आणि फोटोच्या फाइलचं नाव "आयएमजी तीन हजार काहीतरी" असं न ठेवता तुमचं नाव ठेवा. खोटं काही लिहायचं नाही, खरं जे आहे तेच एका नावाने सगळीकडे. लगेच काही दिसत नाही, माझ्या अनुभवात चार ते आठ महिने जातात. रोज बघत बसू नका, महिन्यातून एकदा पहिल्या पानावरच्या दहा लिंका शीटमध्ये लिहा.

हल्ली लोक चॅटबॉटला पण विचारतात की या माणसाबद्दल काय माहिती आहे, आणि तो त्याच पानांवरून वाचून छातीठोकपणे "अपहार प्रकरणातील आरोपी" असं सांगतो. त्यालाही उपाय तोच, मूळ पानावर निकालाची ओळ. म्हणून मी नोइंडेक्सच्याही आधी ती ओळ मागायला लावतो.

क्रम विचाराल तर नक्कल, पत्र, एफआयआरमधल्या नंबरचा फॉर्म, आणि पूर्ण नावाची पानं हे चारही एकाच महिन्यात सुरू करा, एकमेकांची वाट बघू नका. जामिनाच्या आदेशाचं वकिलाकडे सावकाश.

आणि स्थळांचं. आठ महिने तुम्ही थांबणार नाही आणि थांबूही नका. मी एका क्लायंटला सुचवलं होतं आणि त्याचं जमलं, की पसंती झाल्यावर, समोरच्याने शोधायच्या आधी, आपणच पहिल्या बैठकीत सांगायचं. मधल्या माणसाकडून निरोप नको, स्वतः. अमुक साली असं झालं, सहा वर्षं केस चालली, हा निकाल, बघा. लोक केसला घाबरत नाहीत तितके लपवलं याला घाबरतात. तेव्हा नक्कल विभागात अर्ज करताना एक प्रत जास्त मागा, एक पत्रासोबत जाईल आणि एक घरी बैठकीच्या खोलीत लागेल.